अंगण खरंच वाकडं असेल तर?

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलाच्या हाती कुठलं वाद्य येणार हे आईबाप ठरवत नाहीत, आजीआजोबा तर नाहीतच. ते ठरतं चौथी-पाचवीत, शाळेच्या जिममध्ये, एका संध्याकाळी. लांबलचक टेबलांवर चकचकीत वाद्यं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलामागं एक अतिउत्साही माणूस उभा असतो आणि पोरं एकेक वाद्य तोंडाला लावून बघत हिंडत असतात. आमच्या लेकीला बासरी फुंकून चक्कर आली, ट्रम्पेटमधून नुसती हवा निघाली आणि ट्रॉम्बोनला हात पुरला नाही. क्लॅरिनेटमधून मात्र काहीतरी वाजलं. शिवाय मैत्रिणीनंही तेच घेतलं होतं. आम्ही दोघं मनात व्हायोलिन धरून गेलो होतो, परत आलो ते क्लॅरिनेटच्या भाडेकरारावर सही करून.

हा भाडेकरार मोठा गोड असतो. दरमहा ठरावीक रक्कम, त्यातच मोडतोडीचा विमा, आणि हप्ते भरत राहिलात तर एक दिवस वाद्य तुमच्याच मालकीचं. नवरा ते वाचून विरघळला. घराचं भाडं भरताना असं प्रेमानं कुणी म्हणालं नव्हतं म्हणे.

पुण्याला व्हिडिओ कॉल लावून सासऱ्यांना बातमी दिली. त्यांनी वाद्य कॅमेऱ्यापुढं धरायला लावलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "वरातीत तो लाल कोटवाला वाजवतो, ती काळी पिपाणी का ही?"

"हो बाबा, तीच."

"छान. म्हणजे हिच्या लग्नात बँडचा खर्च वाचला."

त्या पहिल्या क्लॅरिनेटबद्दल दोन चांगले शब्द इथेच बोलून घेते, कारण पुढं त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलणार नाहीये. ते प्लास्टिकचं असतं. लेगोचे ठोकळे ज्या एबीएस प्लास्टिकचे बनतात, त्याच जातीचं. माउथपीस, बॅरल, वरचा जोड, खालचा जोड आणि कर्णा असे त्याचे पाच तुकडे बुचाच्या सांध्यांनी एकमेकांत बसतात. ते शाळेच्या बसमध्ये विसरतं, जानेवारीच्या थंडीत गाडीच्या डिकीत रात्र काढतं, जिन्यावरून गडगडत खाली येतं, दप्तरातल्या फुटलेल्या ज्यूसमध्ये न्हाऊन निघतं, आणि सकाळी पुन्हा वाजायला तयार असतं. गुलाबी आणि निळी क्लॅरिनेटंही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. लेकीचा जीव गुलाबीवर होता. पण दुरुस्तीवाला म्हणाला, असल्या वाद्याच्या कळा लोण्यासारख्या वाकतात आणि सुटे भाग मिळत नाहीत, ते माझ्याकडे आणू नका. काळ्यावर समाधान मानलं.

क्लॅरिनेटचा पहिला आवाज हा आवाज नसतो, किंचाळी असते. बोट छिद्रावरून केसभर सरकलं की किंचाळी, ओठ ढिले पडले की किंचाळी, ओठ आवळले की आणखी वरच्या पट्टीतली किंचाळी. अमेरिकेतली सगळी पोरं सुरुवातीला 'हॉट क्रॉस बन्स' नावाचं तीन सुरांचं गाणं शिकतात. तीन सुरांत एवढ्या चुका करता येतात हे मला ठाऊक नव्हतं. शेजारचे आजोबा त्या सुमारास बागकामाला फार वेळ देऊ लागले, आणि तेही कानात हेडफोन घालून.

उन्हाळ्यात सासरे आले. बँकेतून निवृत्त झालेले, पेटी वाजवणारे आणि गांधर्वच्या परीक्षा देत देत वर आलेले गृहस्थ. त्यांनी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, नातीला पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, "सा दे." तिनं सी वाजवला. बाबांच्या कपाळावर आठी आली. "हा पांढरी एक नाही. हा काळी पाच आहे."

नात म्हणाली, "आजोबा, हा सी आहे. पुस्तकात बघा."

"पुस्तकात काहीही असेल. कानात काळी पाच आहे."

दोघंही बरोबर होते. शाळेत मिळतं ते क्लॅरिनेट बी फ्लॅटचं. मुलं ज्याला सी म्हणतात तो पियानोच्या हिशोबानं बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाचच. इकडं याला ट्रान्सपोजिंग वाद्य म्हणतात. बाबांनी याला फसवणूक म्हटलं. त्यात दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरा धक्का बसला. क्लॅरिनेटला मागच्या बाजूला, अंगठ्यापाशी एक कळ असते. ती दाबली की सूर वरच्या सप्तकात जातो. बासरीत जोर देऊन फुंकलं की सा चा वरचा सा होतो, तसंच इथं होणार अशी बाबांची अपेक्षा. झाला वरचा पंचम! सा वरून थेट तार सप्तकातला प. नवऱ्यानं कागदावर नळी काढून समजावलं की क्लॅरिनेटची पोकळी सरळ नळकांड्याची आणि फुंकायच्या बाजूनं जणू बंद, म्हणून तिच्यात सम संख्येचे स्वरांश जवळजवळ उठत नाहीत आणि पहिली उडीच तिप्पट कंपनसंख्येवर पडते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला सासूसासऱ्यांनी पेटी दिली असती तर ही वेळ आली नसती."

या उडीमुळं मुलांना एक घाट चढावा लागतो. खालच्या सप्तकाच्या शेवटच्या सुरांना जेमतेम एखादं बोट लागतं आणि त्याच्या लगेच पुढच्या सुराला एकदम सगळी छिद्रं बंद करावी लागतात. त्यातलं एक जरी बोट उशिरा पोचलं तरी किंचाळी ठरलेली. पुष्कळ पोरं या घाटात क्लॅरिनेट सोडतात. आमची चढली. आणि घाटमाथ्यावर पोचल्या पोचल्या, सातवीत, तिनं जाहीर केलं, "आई, मला लाकडाचं क्लॅरिनेट हवंय. सगळ्यांकडे आहे."

चौकशीअंती 'सगळे' म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा मुलगा आणि त्याच्या शेजारी बसणारी मुलगी असे निघाले. अमेरिकेतल्या बँडमध्ये मुलांना ऑडिशन घेऊन क्रमानं खुर्च्या देतात. क्लॅरिनेटमध्येही नंबर असतात हे कळल्यावर नवऱ्याला या विषयात अचानक गोडी वाटू लागली.

दुकानात गेलो. तिथं क्लॅरिनेटच्या तीन पायऱ्या असतात. विद्यार्थ्यांचं, मधलं आणि व्यावसायिक. विद्यार्थ्यांचं काही शे डॉलरांत. मधलं लाकडाचं, त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि वरच्या पायरीवर, १८२५ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या बुफे क्राम्पों कंपनीचं आर-१३, ज्याचं नाव क्लॅरिनेटवाले घराण्याचं नाव घ्यावं तशा आवाजात घेतात. त्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर. बाबांनी तिथेच रुपयांत गुणाकार केला आणि आधार घ्यायला पियानोवर हात ठेवला. पियानो वाजला. दुकानदार धावत आला. त्याला वाटलं, यांना पियानो हवाय.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष बाबांचा, पात्रतेचा. "नाचता येईना, अंगण वाकडं! माझ्या गुरुजींनी मध्यमा पूर्ण होईपर्यंत मला डबल रीडच्या पेटीला हात लावू दिला नव्हता. आधी आहे त्यावर वाजवून दाखव." या पक्षाचं तत्त्वज्ञान असं की चांगलं वाद्य हे बक्षीस आहे, आणि बक्षीस आधी मिळालं तर पोरं शर्यतीत धावत नाहीत.

दुसरा पक्ष नवऱ्याचा, संशोधनाचा. तो इंजिनिअर. त्यानं दोन पुरावे आणले. एक, जॉन बॅकस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध, ज्याचा निष्कर्ष असा की क्लॅरिनेटच्या भिंती कशाच्या आहेत यानं सलग धरलेल्या सुराच्या गुणात ध्यानात येण्याजोगा फरक पडत नाही. आवाज घडवते ती आतली हवा. म्हणजे पोकळीचा आकार, छिद्रांची जागा, त्यांच्या कडा. लाकूड नुसतं त्या हवेभोवती उभं असतं. दुसरा पुरावा चार्ली पार्करचा. जॅझमधला हा दिग्गज १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चक्क प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवून गेला, आणि त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आजही जाणकार भक्तिभावानं ऐकतात.

"बघ!" बाबा नातीला म्हणाले.

"आजोबा, तो चार्ली पार्कर होता," ती म्हणाली. "त्याला काहीही चालायचं. मी चार्ली पार्कर नाहीये. म्हणून तर मला चांगलं पाहिजे."

टेबलावर शांतता पसरली. मला या मुद्द्याला उत्तर सुचेना आणि खरं सांगायचं तर आजही सुचलेलं नाही. उस्तादाला फुटक्या वाद्यावरही गाता येतं, मग उत्तम वाद्याची गरज कच्च्या माणसालाच जास्त नाही का? पण जगभर चाल उलटी. ज्याला गरज कमी त्याच्या हाती भारी वाद्य, आणि जो धडपडतोय त्याच्या हाती ज्यूसमध्ये न्हालेलं.

तिसरा पक्ष माझा, तळघराचा. आमच्या बेसमेंटमध्ये एक कोपरा आहे. तिथं कीबोर्ड आहे, कराटेचा पांढरा, पिवळा आणि नारिंगी पट्टा आहे, आईस स्केट्स आहेत, तेलरंगांचा संच आहे आणि नवऱ्यानं स्वतःसाठी आणलेली गिटार आहे. यातली प्रत्येक वस्तू घेताना "या वेळी नक्की" असं म्हटलं गेलं होतं. हायस्कूलमध्ये गेल्यावर वाद्य सोडणारी मुलं मी मराठी मंडळाच्या प्रत्येक गणेशोत्सवात बघते. त्यांच्या आया एका कोपऱ्यात जमून आपापल्या बेसमेंटबद्दल बोलतात. माझा प्रश्न एवढाच होता की चार हजार डॉलर गिटारीशेजारी ठेवायचे का.

शेवटी प्रश्न लेकीच्या शिकवणीच्या सरांपुढं ठेवायचा ठरला. हे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले बँडमास्तर. उंच, सडपातळ, स्वेटरला कोपरावर ठिगळं, मोजकं बोलणं. बाबा त्यांना पहिल्या भेटीपासून 'बुवा' म्हणत. सरांना तो एखादा मानाचा किताब वाटला असावा, कारण पुढं ते फोनवर स्वतःच "धिस इज बुवा" म्हणू लागले.

आमच्या तिन्ही पक्षांचं म्हणणं बुवांनी ऐकून घेतलं. उत्तर दिलं नाही. लेकीचं प्लास्टिकचं क्लॅरिनेट हातात घेतलं, तिचं माउथपीस काढून स्वतःचं लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. मोझार्टनं १७९१ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, आपला मित्र आंतोन श्टाडलर याच्यासाठी जो क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहिला, त्याची संथ लय. आमच्या दिवाणखान्यात, आमच्याच वाद्यातून, ज्यातून तोवर तीन सुरांचं गाणंही किंचाळत आलं होतं, असा काही सूर लागला की बाबांचा हात आपोआप मांडीवर गेला आणि तोंडातून "क्या बात है" निघालं.

वाजवून झाल्यावर नवरा म्हणाला, "ठरलं तर. अंगण सरळ आहे."

"थांबा," बुवा म्हणाले. हे सगळं ते इंग्रजीत म्हणाले, पण बाबांना त्यांच्या मते मराठीतच ऐकू येत होतं. बुवांनी वाद्य दिव्यासमोर धरलं आणि दाखवलं की खालच्या दोन पॅडमधून हवा गळते आहे. मग घाटाच्या अलीकडचा एक सूर वाजवला, गळ्यातला बी फ्लॅट. तो नाकातून बोलल्यासारखा आला. तोच सूर स्वतःच्या क्लॅरिनेटवर वाजवला. तो इतका स्वच्छ नव्हता की लगेच घर विकून वाद्य घ्यावं, पण तो सूर होता. "हा सूर सगळ्याच क्लॅरिनेटांवर थोडा कोंदट असतो," ते म्हणाले. "तुमच्यावर जरा जास्त. अंगण थोडं वाकडं आहे. पण पोरीला अजून ते दिसलेलं नाही."

मग त्यांनी यादी दिली. पॅड बदला, बुचाला ग्रीस लावा, माउथपीस चांगलं घ्या, रीड नीट निवडा. आणि मग बघू.

रीडचा प्रकार सांगितलाच पाहिजे. क्लॅरिनेटचा सगळा आवाज एका बोटाएवढ्या बांबूसारख्या चपटीतून निघतो. ती अरुंडो डोनाक्स नावाच्या वेतासारख्या गवताची असते आणि तिचं नावाजलेलं पीक येतं फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार भागात. कडकपणाप्रमाणं तिला नंबर असतात: दोन, अडीच, तीन. पोरं हे नंबर इयत्तेसारखे मिरवतात. "मी तीनवर गेले" ही बातमी शाळेत पसरते, मग तीनवर वाजवताना डोळ्यांतून पाणी का येईना. एका खोक्यात दहा रीड येतात. त्यातल्या काही वाजतच नाहीत, काही वाजतात पण किंचाळतात, आणि दोन-तीन अशा निघतात की लेक त्यांना नावं ठेवून डबीत जपते. नवऱ्यानं कुठली रीड किती टिकली याचा एक्सेलमध्ये तक्ता केला. बाबा म्हणाले, "फ्रान्समधून आणलेल्या वेताच्या चपट्या, आणि त्यातल्या सात फेकायच्या? पुण्यात एकानं दहा आंब्यांतले सात नासके दिले तर आम्ही पेठ डोक्यावर घेऊ."

पण नव्या माउथपीसनं चमत्कार केला. किंमत क्लॅरिनेटच्या मानानं किरकोळ, आणि फरक असा की शेजारचे आजोबा हेडफोनशिवाय बागेत दिसू लागले. मुलांसाठी वाद्य बदलायला निघालेल्या प्रत्येक आईबापाला मी आता एकच सांगते. आधी रीड, मग माउथपीस, मग दुरुस्ती, आणि क्लॅरिनेट सगळ्यात शेवटी. सहसा शेवटापर्यंत जावंच लागत नाही. दुकानदार मात्र हा क्रम नेमका उलटा सांगतो.

त्यानंतर मी लेकीच्या तक्रारींकडं कान देऊ लागले, आणि मला त्यांत एक गंमत दिसली. सातवीतली तक्रार होती, "सगळ्यांकडे आहे." आठवीत ती झाली, "माझ्याचा आवाज चांगला नाही." आठवीच्या शेवटी, "वरचे सूर पातळ येतात." आणि नववीत, वेबरचं कॉन्चेर्टिनो बसवत असताना एक दिवस ती जेवण अर्धं टाकून म्हणाली, "आई, वरच्या सप्तकातला जी थोडा चढा लागतो, मी ओठ ढिले करून खाली आणते, पण मग लगेच येणारा बी फ्लॅट पडतो. बोटांनी जमवून बघितलं, नाही जमत. बुवांनी वाजवलं तर त्यांनाही जमवावं लागतं, पण कमी."

मी घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. मला त्यातलं काही कळलं नाही, पण एक कळलं. वेळ झाली होती.

बाबांच्या म्हणीत एक खोच आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे खरं. पण ज्याला नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं आहे की सरळ, हे कळणार कसं? तो आपला सगळ्याच अंगणांना वाकडं म्हणत सुटतो. अंगण नेमकं कुठं वाकडं आहे, किती वाकडं आहे आणि कुठल्या पावलाला ते आड येतं, हे नाचणाऱ्यालाच कळतं. तेव्हा माझा नियम असा. पोराची तक्रार मोघम आहे तोवर जुनं वाद्य चांगलं. तक्रार नेमकी झाली की पाकीट काढावं. हा नियम मी घरात सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, जरा जास्तच अभिमानानं मांडला. बाबांनी मान डोलावली. लेकीनं तो नीट ऐकून ठेवला, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

मग लाकूड आलं. चांगली क्लॅरिनेटं ज्या लाकडाची बनतात त्याला ग्रेनाडिला किंवा आफ्रिकन ब्लॅकवुड म्हणतात. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढणारं, काळंकभिन्न आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. नवऱ्यानं त्याची शास्त्रीय प्रजाती शोधली. डाल्बर्जिया. बाबा ताडकन उठून बसले. "डाल्बर्जिया? म्हणजे आपल्या शिसवाचंच भावंड की! आमच्या जुन्या वाड्यातलं कपाट शिसवी होतं." त्या क्षणापासून बाबांचा लाकडाला असलेला विरोध मावळला. आपल्या नात्यातलं निघालं म्हटल्यावर माणूस हुंडा बघत नाही.

लाकडाचे लाड मात्र भारी. नवं क्लॅरिनेट सुरुवातीचे काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवायचं नाही, मग हळूहळू वेळ वाढवायची, दरवेळी आतून पुसून कोरडं करायचं. आतून गरम, दमट श्वास आणि बाहेरून थंडी असली की लाकूड आतून फुगतं, बाहेरून तसंच राहतं आणि तडकतं. हे ऐकून बाबा म्हणाले, "नव्या सुनेला रुळवावं तसंच की हे." मी म्हटलं, "बाबा, मला कुणी पंधरा-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी रुळवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक होता." बाबा लगेच क्लॅरिनेट पुसायला लागले.

नवऱ्याला वाटत होतं की जुनं दिलं की नव्यात तेवढे पैसे कमी होतील. तिथंही गफलत निघाली. हायस्कूलमध्ये मार्चिंग बँड असतो. फुटबॉलच्या सामन्यांत, ऑक्टोबरच्या थंडीत, पावसात, मैदानभर चालत वाजवायचं. तिथं लाकडाचं क्लॅरिनेट नेणं म्हणजे शिसवी कपाट पावसात ठेवणं. शाळेच्या बँडमास्तरांनीच सांगितलं, मैदानावर प्लास्टिकचं आणा. म्हणजे ज्याला निरोप द्यायचा होता त्यालाच नोकरीत मुदतवाढ मिळाली. पदोन्नती लाकडाची झाली आणि कष्टाची कामं प्लास्टिककडेच राहिली. नवरा म्हणाला, आमच्या ऑफिसातही असंच असतं.

दुकानदारानं तीन-चार क्लॅरिनेटं घरी वापरून बघायला दिली. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन वाद्यंसुद्धा वेगळी वाजतात, म्हणून वादक निवडून घेतात हे तेव्हा कळलं. नवऱ्यानं दिवाणखान्यात शास्त्रशुद्ध परीक्षा मांडली. बाबांना भिंतीकडं तोंड करून बसवलं, वाद्यांना अ, ब, क, ड नावं दिली आणि गुपचूप त्यात जुनं प्लास्टिकचंही घातलं, नव्या माउथपीससकट. बाबा दरवेळी मान हलवून गुण देत गेले. निकाल लागला तेव्हा प्लास्टिक दुसरं आलं होतं. पहिला नंबर त्यांनी दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळ्या वाद्यांना दिला होता, आणि दोन्ही वेळा वाजवायला लेकीनं त्यांचा आवडता भूप घेतला होता. नवऱ्यानं तक्ता मिटवून टाकला.

लेकीनं मात्र भूप नंतर घेतला. आधी ती प्रत्येक वाद्यावर एकच सूर लांब धरून बसली होती, तो गळ्यातला कोंदट बी फ्लॅट. मग तो चढा जी. मग हे दोन एकापाठोपाठ. दुसऱ्या कुठल्याही मुलीनं अशा वेळी जलद, झगमगीत काहीतरी वाजवून दाखवलं असतं. आमची पोर वाद्याच्या खोड्या शोधत होती. शेवटी तिनं एक वापरलेलं, जरा जुनं, पण नीट ठेवलेलं लाकडाचं निवडलं. बुवांनी ते वाजवून बघितलं आणि म्हणाले, "हं." बाबांनी मला समजावलं की बुवांच्या तोंडून 'हं' मिळणं म्हणजे विशारदला पहिला वर्ग.

घर काही दिवस सुखात होतं. भूपही सुंदर वाजत होता. मग यूथ ऑर्केस्ट्रात निवड झाली आणि लेक हातात कागद घेऊन आली. चेहरा आनंदानं फुललेला. बुवांनी त्या दिवशी वाजवलं होतं ते, मोझार्टचं, तिला ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला मिळणार होतं.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "तो कॉन्चेर्टो ए क्लॅरिनेटसाठी आहे. माझं बी फ्लॅटचं. मी तेच लिहिलेलं याच्यावर वाजवलं तर बरोबर अर्धा सूर वर जातो. म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा एका पट्टीत आणि मी एकटीच अर्धा सूर वर. सूर बदलून लिहून घेतलं तर बोटं इतकी अवघड होतात की बुवा म्हणाले, कुणी करत नाही. ऑर्केस्ट्रातले सगळे क्लॅरिनेटवाले दोन वाद्यं घेऊन बसतात, एक बी फ्लॅट आणि एक ए." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आई, तक्रार नेमकी आहे ना?"

नेमकी होती. इतकी नेमकी तक्रार आमच्या घरात आजवर कुणी केली नव्हती. मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा छताकडं बघत होता. बाबांनी बोटांवर हिशोब केला.

"म्हणजे काळी पाचचं झालं, आता पांढरी सहाचं घ्यायचं?"

"हो आजोबा."

"एवढ्या पैशांत," बाबा अगदी मनापासून म्हणाले, "हिला स्केल चेंजर नाही बसवत का गं हे लोक?"